बिन खापरपणजोबा

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये, असं मराठीत पूर्वीच बजावून ठेवलेलं आहे. संयुक्त अरब अमिरातीत बारमाही नदी एकही नाही. आहेत त्या वाद्या. पाऊस पडला तर त्या वाहतात, एरवी त्यांच्या कोरड्या पात्रात लोक सहलीला जातात. त्यामुळे म्हणीतली अर्धी मनाई इथे आपोआप रद्द होते आणि मराठी माणूस उरलेल्या अर्ध्या मनाईकडे वळतो. वेळ त्याच्याकडे असतोच. शारजात राहून दुबईत नोकरी करणाऱ्याला अल इत्तिहाद रस्त्यावर रोज सकाळी जो वेळ मिळतो, त्यात एक कूळ काय, अख्खं गोत्र शोधून व्हावं.

या लेखातले गृहस्थ असेच. नाव सांगण्याचं कारण नाही. अल नाहदाच्या दर दुसऱ्या इमारतीत त्यांच्यासारखा एक तरी राहतो. फ्रीजवर गणपती, बाल्कनीत उन्हाळा लागला की घरात येणारी तुळस, आणि गावाकडच्या घरात एक-षोडशांश हिस्सा, तोही तोंडी.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते ऑफिसातल्या करक चहावर. शेजारच्या टेबलाचा इमाराती सहकारी बोलण्याच्या ओघात स्वतःचं पूर्ण नाव सांगायला लागला. अमुक बिन अमुक बिन अमुक, असं करत तो न अडखळता सातव्या पिढीपर्यंत गेला, मध्ये चहाचा एक घोटसुद्धा घेतला. मग त्याने सहज विचारलं, "आणि तुझं?" गृहस्थ वडील, आजोबा, पणजोबा इथवर झोकात गेले आणि तिथे वाळूत गाडी रुतावी तसे रुतले. वाळूतली गाडी काढायची तर आधी चाकांमधली हवा कमी करतात. गृहस्थांचीही झाली.

दोष तसा त्यांचा नाही. श्राद्धाला बसलं की गुरुजी पिता, पितामह आणि प्रपितामह अशी तीनच नावं विचारतात. वसू, रुद्र आणि आदित्य अशी तीनच आसनं मांडलेली असतात. चौथा पूर्वज पिंडाच्या हक्कातून बाहेर पडतो. त्याच्या वाट्याला हाताला चिकटलेला लेप तेवढा येतो. शास्त्रानेच ज्याला निवृत्त केलं, त्याला स्मरणशक्तीने किती दिवस कामावर ठेवावं? रोजची भाषाही खापरपणजोबांपाशी येऊन दम टाकते, आणि 'खापर' हा शब्द बहुतेकांना फोडण्यापुरताच माहीत असतो.

सांगलीच्या आत्याला फोन झाला. अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलता येत नाही, त्यामुळे परदेशी गेलेल्या प्रत्येकाच्या आत्याच्या फोनवर 'बोटिम' नावाचं अ‍ॅप असतं आणि ते कसं उघडायचं हे सांगण्यात पहिली दहा मिनिटं जातात.

"आत्या, आपल्या खापरपणजोबांचं नाव काय गं?"

"दादा म्हणायचे त्यांना."

"ते झालं. पण नाव?"

"आमचे आजोबा दादा म्हणायचे, म्हणून आम्हीही दादाच म्हणायचो. मोठ्यांचं नाव घेतं का कुणी? तुझ्या खापरपणजीनं उभ्या जन्मात एकदा नवऱ्याचं नाव घेतलं असेल, ते उखाण्यात. तो उखाणा कुणी लिहून ठेवलाय होय?"

एकोणिसाव्या शतकातला निम्मा महाराष्ट्र असा दादा, तात्या, अण्णा, नाना आणि बापू या पाच जणांनी चालवलेला दिसतो. आणि जिथे नाव कळतं तिथे दुसरी पंचाईत. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत, त्यामुळे विष्णूचा गणेश, गणेशाचा विष्णू, पुन्हा विष्णूचा गणेश. दोन नावांवर दोन शतकं काढलेली घराणी आहेत. करायची तरी किती काटकसर! पुढे हातात 'विष्णू गणेश' असा कागद येतो तेव्हा तो कोणता विष्णू, हे त्या कागदालाच माहीत. त्यात मध्ये कुणी दत्तक गेला असला तर त्याचा बापच बदलतो आणि वंशवृक्षाची फांदी शेजारच्या झाडावर जाऊन बसते.

काही घराण्यांनी मात्र आधीच सोय करून ठेवली आहे. तंजावरच्या सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वराच्या मंदिरातल्या दगडी भिंतीवर मराठीत कोरून घेतला. कागदाला वाळवी लागते, भाऊबंद त्यावर खाडाखोड करतात. भिंतीला दोन्हीची भीती नाही. ज्यांच्याकडे देऊळ नव्हतं त्यांनी कुलवृत्तांत काढले. गोखले, बापट, परांजपे यांचे जाडजूड ग्रंथ कपाटात दिसले की पाहुणा आपोआप ताठ बसतो. कुलवृत्तांत वाचण्याची रीतही ठरलेली. आधी स्वतःचं नाव पाहायचं, मग ते चुकीचं छापलंय याबद्दल हळहळायचं, मग ज्याच्याशी पटत नाही त्या चुलतभावाचं शिक्षण आपल्यापेक्षा जास्त ओळींत दिलंय का ते मोजायचं. गृहस्थांच्या घराण्याचाही कुलवृत्तांत निघणार होता. एका चुलतचुलत्यांनी त्यासाठी वर्गणी गोळा केली होती. त्यापुढची नोंद उपलब्ध नाही.

तेव्हा उरली मोडी, म्हणजे जुन्या कागदांची लिपी. गृहस्थांनी एका रात्री इंटरनेटवर इंग्रजी अक्षरांत 'मोडी वाचणारे' असं काहीसं शोधलं आणि समोर पंतप्रधानांची छायाचित्रं, भाषणं व परदेश दौरे येऊन पडले. रोमन लिपीत मोडी आणि मोदी यांचं शुद्धलेखन एकच. योगायोग असा की मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली तीही २०१४ च्या जूनमध्येच, दिल्लीत शपथविधी होऊन महिना व्हायच्या आत. तेव्हापासून हेमाडपंताच्या नावावर सांगितली जाणारी ही लिपी शोधयंत्रात कायमची मागल्या बाकावर आहे.

मोडीचा स्वभाव दुबईतल्या मेट्रोसारखा आहे: आधी रूळ टाकायचे, मग त्यावरून न थांबता जायचं. कारकून पानभर आडवी रेघ ओढून घेई आणि लेखणी फारशी न उचलता खाली अक्षरं लोंबकळत सोडी. ह्रस्व-दीर्घाची पर्वा नाही, दोन शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. 'दीन' आहे की 'दिन' आहे हे संदर्भाने ठरवायचं, आणि संदर्भ वाचायचा तर तोही मोडीत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रियासतकार सरदेसायांनी त्यांतले निवडक १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापले. त्या ४५ खंडांत आपलं आडनाव कुठे दिसत नाही, याचं गृहस्थांना वाईट वाटलं. पण त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. जुन्या कागदांत माणूस येतो तो लढला तर, बुडाला तर किंवा भांडला तर. ज्याने वेळेवर सारा भरला, कुणाचं देणं ठेवलं नाही आणि शेजाऱ्याचा बांध कोरला नाही, असा सज्जन पूर्वज इतिहासाला दिसतच नाही. वंशज जिथे अभिमान शोधतो तिथे त्याला बहुधा थकबाकी सापडते.

वंशावळी लिहून काढायला सरकारनेच भाग पाडलं, असाही एक काळ होता. कंपनी सरकारने इनाम कमिशन नेमलं, १८५२ साली त्यासाठी कायदा केला आणि मुंबई इलाख्यातल्या इनामदारांना सांगितलं की सारामाफीची जमीन कुणाला, कधी आणि का मिळाली ते दाखवा. तेव्हा जी घराणी आपल्या मूळपुरुषाला विसरली होती त्यांना तो एकदम आठवला, सनदेच्या तारखेसकट. आता उलटं झालंय. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा गाव नमुना १४, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं, खासरा पत्रकं असं सगळं दफ्तर झटकलं गेलं, पन्नास लाखांहून अधिक नोंदी निघाल्या आणि कालपरवापर्यंत लग्नात ज्यांची 'हे मोडी वाचतात' अशी कौतुकाने पण घाईघाईत ओळख करून दिली जाई, त्या मंडळींना तालुक्या-तालुक्यातून बोलावणी येऊ लागली.

गृहस्थांचं नशीब त्यामानाने लवकर उघडलं. गावाकडच्या चुलतभावाला माळ्यावरच्या पेटीत एक कागद सापडला. त्याने त्याचा फोटो पाठवला; निम्म्या भागात कागद आणि निम्म्या भागात चुलतभावाचा अंगठा. अंगठा काढून पुन्हा फोटो आला, तो पुण्याच्या एका जाणकारांकडे गेला आणि आठ दिवसांनी बाळबोध लिपीत उतारा आला. उताऱ्याची सुरुवात वाचून गृहस्थ खुर्चीत सरळ बसले. घराणं खासगी असल्यामुळे खरी नावं बाजूला ठेवू; पण तिथे लिहिलं होतं: 'अमुकजी बिन तमुकजी, मौजे फलाणे.'

बिन!

आजच्या मराठीला 'बिन' माहीत आहे तो बिनबुडाच्या भांड्यातला, बिनपाण्याने करायच्या हजामतीतला. पण शंभर-दोनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या महजरांत आणि वतनाच्या कागदांत पाटील-कुणबी सर्रास अमका बिन तमका असायचे. 'चा मुलगा' या अर्थाचा हा अरबी शब्द फारसीच्या पालखीत बसून दख्खनेत आला आणि दफ्तरात राहिला. म्हणजे ज्या 'बिन'पुढे गृहस्थ ऑफिसात खजील झाले होते, तो त्यांच्याच माळ्यावर पेटीत पडून होता.

त्याहून मोठी गंमत तारखेत होती. उताऱ्यात 'सन समान अशर मयातैन व अलफ' असं लिहिलेलं होतं आणि गृहस्थांना त्यातला 'सन' तेवढा कळला. त्यांनी ते देवाच्या स्तोत्रासारखं चालीत म्हणून पाहिलं. पलीकडे इमाराती सहकाऱ्याने मान वर केली. "आठ, दहा, दोनशे, हजार," तो म्हणाला. "बाराशे अठरा. उलटं का लिहिलंय?" वीस वर्षं करामातल्या किराणा दुकानात वाहिद, इस्नैन, सलासा म्हणत भाजी घेणाऱ्या माणसाला आपल्याच पूर्वजाचं साल परक्याकडून वाचून घ्यावं लागलं. सहकाऱ्याने फोनवर हिशेबही केला: हिजरी १२१८ म्हणजे १८०३.

इथे मात्र तो चुकला, आणि गृहस्थांना त्या दिवशीचा एकमेव विजय मिळाला. मराठी कागदांतला हा 'सन' हिजरी नव्हे, शुहूर. हिजरी वर्ष चंद्राचं, ते दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतं; शेतसारा मात्र पिकावर घ्यायचा. म्हणून चौदाव्या शतकात दख्खनेतल्या कारभाऱ्यांनी हिजरी आकडा घेतला आणि वर्ष सूर्याला बांधलं. सूर्य मृग नक्षत्रात गेला की नवं साल. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन. शुहूर १२१८ म्हणजे १८१७-१८. सहकाऱ्याच्या आणि गृहस्थांच्या उत्तरात फक्त चौदा वर्षांचा फरक होता, पण तेवढ्यात एक पेशवाई बुडाली. कागदांना याची सवय असते. तोच पावसाळा शके १७४०, शुहूर १२१९, फसली १२२८ आणि इसवी १८१८ असा चार नावांनी वावरतो, आणि संशोधक त्याला चार वेगवेगळे पावसाळे समजतो.

उरलेला कागद दोघांनी मिळून वाचला. वतन, मिरास, वारस, हक्क, नक्कल, दाखला, खरीप. दर दोन ओळींनी सहकारी एखाद्या शब्दावर बोट ठेवून "हा आमचा" म्हणे. 'मयत'पाशी दोघेही एकदम थांबले. त्या शब्दाला भाषांतर लागलं नाही.

शारजातल्या माणसाने पूर्वज मुंबई इलाख्यात शोधावेत, यात नवल काहीच नाही. तिथले राज्यकर्तेच आधी ती वाट चालून गेले आहेत. १९७२ पासून शारजाच्या गादीवर असलेले शेख डॉ. सुलतान बिन मुहम्मद अल कासिमी हे इतिहासाचे अभ्यासक. एक्सेटर विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी १९८५ साली मिळवली, आणि १९८६ साली त्यांचं 'द मिथ ऑफ अरब पायरसी इन द गल्फ' हे पुस्तक आलं. त्यांच्या पूर्वजांना, म्हणजे कवासिमांना, ईस्ट इंडिया कंपनीने समुद्री चाचे ठरवलं होतं. तो शिक्का खोडायला पुरावा कुठे मिळाला? मुंबईच्या दफ्तरखान्यात. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत जे पुराभिलेखागार आहे, तिथल्या कंपनीच्याच कागदांतून त्यांनी कंपनीला उलट सवाल केला. आखाताचा सगळा ब्रिटिश पत्रव्यवहार १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्याच हाताखाली होता, त्यामुळे रास अल खैमाच्या बंदरात कुणी शिंकलं तरी मुंबईत त्याची आवक नोंद होत असे.

एकोणिसाव्या शतकात हाच प्रवास उलट दिशेने झाला होता. १८१९ च्या अखेरीस मेजर जनरल विल्यम ग्रँट कीर मुंबईहून आरमार घेऊन निघाला, डिसेंबरात रास अल खैमा पडलं आणि १८२० च्या जानेवारीत तह झाला. त्या फौजेत मुंबई लष्कराचे देशी शिपाई होते, आणि मुंबई लष्कराची भरती त्या काळी कोकणात जोरात होती. म्हणजे रत्नागिरीकडचा कुणी माणूस दोनशे वर्षांपूर्वी व्हिसा, मेडिकल आणि एमिरेट्स आयडीशिवाय इथल्या किनाऱ्यावर उतरला असणार. तो आपलाच असावा अशी गृहस्थांना फार आशा लागली. ब्रिटिश लायब्ररी आणि कतार फाउंडेशन यांनी आखाताविषयीचे कंपनीचे आणि सरकारचे कागद २०१४ पासून 'कतार डिजिटल लायब्ररी'त सर्वांना खुले केले आहेत. गृहस्थांनी तीन शुक्रवार त्यात घालवले. अधिकाऱ्यांची नावं मिळाली, जहाजांची मिळाली, खजुराचे आणि मोत्यांचे व्यवहार मिळाले. शिपायांचे आकडे मिळाले. एका तुकडीतल्या आकड्यावर गृहस्थांनी बराच वेळ नजर रोखून धरली, जणू त्यातला एक हात वर करेल.

एवढं सगळं चाललेलं असताना घरातल्या खऱ्या तज्ज्ञ व्यक्तीला कुणी विचारलंच नव्हतं. गृहस्थांच्या पत्नीला कागदपत्रांचा जो अनुभव आहे तो इतिहासाचार्य राजवाड्यांनाही नसेल. पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. त्या दोन बाया एकच आहेत हे सिद्ध करण्यात तिचे अमिरातीतले पहिले सहा महिने गेले. लग्नाचा दाखला मंत्रालयात, मग परराष्ट्र मंत्रालयात, मग अमिरातीच्या वकिलातीत, मग इथल्या परराष्ट्र मंत्रालयात, आणि मध्ये टायपिंग सेंटरमध्ये त्याचं अरबी. अरबीत प, च, ट, ळ नाहीत, त्यामुळे पाटलांचे बातील होतात आणि गोडबोल्यांच्या 'ग'साठी जीम वापरला तर ते जोडबोले होऊन बसतात. शेजारच्या इमाराती बाईचं असं काही होत नाही. ती लग्नाआधीही अमक्याची बिंत, लग्नानंतरही तीच.

तिने वंशावळीचा तक्ता पाहिला. वरपासून खालपर्यंत बाप आणि मुलगे. "तुमच्या घराण्यात बायका अलीकडेच यायला लागल्या वाटतं," ती म्हणाली.

तक्त्याला आणखी एक भोक होतं. वर १८१७ चे अमुकजी, खाली बिननावाचे दादा, आणि मधल्या दोन पिढ्या गायब. तेव्हा नाशिक. तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत गावावर आणि आडनावावर पानं असतात; जो येईल त्याने आपली, भावांची, मुलांची नावं लिहायची आणि सही करायची. हरिद्वारच्या पंड्यांकडेही अशाच बह्या आहेत, आणि त्यांचं मोल आधी ओळखलं ते अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मॉर्मन वंशशोधकांनी. १९७७ पासून त्यांनी त्या बह्यांच्या मायक्रोफिल्म करायला घेतल्या. पूर्वज आपले, गंगा आपली आणि फिल्म युटाला.

नाशिकच्या गुरुजींना गाव आणि आडनाव कळवलं. तिसऱ्या दिवशी रात्री दहाला पानाचा फोटो आला, या वेळी अंगठ्याशिवाय. शके १८०१, म्हणजे १८७९. दादांचं खरं नाव, त्यांच्या दोन्ही भावांची नावं, वडिलांचं आणि आजोबांचं. भोक बुजलं. दादा मातुश्रींच्या अस्थी घेऊन रामकुंडावर आले होते. गृहस्थांनी फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग उगाचच एसी कमी केला.

पत्नीने फोटो मोठा करून पाहिला. "अस्थी कुणाच्या?"

"त्यांच्या आईच्या."

"नाव?"

गृहस्थांनी पुन्हा पाहिलं. 'मातुश्री' एवढंच होतं.

तेवढ्यात गुरुजींचा निरोप आला: आपल्या पिढीची नोंद झालेली नाही, नावं पाठवा, करून घेतो. पत्नीने फोन हातातून घेतला आणि स्वतःचं माहेरचं नाव, सासरचं नाव, मुलीचं नाव, आणि सासूबाईंची दोन्ही नावं टाइप करून पाठवली. गुरुजींनी नमस्काराचे दोन हात पाठवले आणि विचारलं, "मुक्काम?"

"शारजा."

"पोस्ट?"

इथे पोस्टमन घरी येत नाही, फक्त पेटी क्रमांक असतो, असं गृहस्थांनी कळवलं. गुरुजी थोडा वेळ 'टायपिंग' दिसत राहिले.

"तालुका? जिल्हा?"

शारजा हे स्वतंत्र अमिरात आहे, दुबई वेगळं, अबुधाबी ही राजधानी, अशी एकंदर सात, आणि तालुका असा प्रकार इथे नाही, हे गृहस्थांनी सविस्तर तीन संदेशांत लिहिलं. दोन निळ्या खुणा आल्या. पाच मिनिटांनी नव्या पानाचा फोटो आला. ठसठशीत बाळबोध अक्षर, सगळी नावं बिनचूक, ह्रस्व-दीर्घासकट. खाली पत्ता: मु. शारजा, ता. दुबई, जि. अबुधाबी.

गृहस्थांनी दुरुस्ती टाइप करायला घेतली. ती अर्धी झाली होती, तेवढ्यात गुरुजींचा पुढचा निरोप येऊन पडला: "शाईने लिहिलं आहे."